'डॉन' म्हणजे 'दिन' नव्हे : पहाटेच्या एका इंग्रजी शब्दाची खरी वंशावळ

१/
संस्कृत आणि इंग्रजी शब्दांच्या जोड्यांची एक यादी समाजमाध्यमांवर वारंवार फिरत असते. मातृ–मदर, भ्रातृ–ब्रदर, नाम–नेम अशी तिची सुरुवात होते. पुढे दिन–डे येते आणि मग पहाट या अर्थाचा 'डॉन' हा शब्दही त्याच 'दिना'तून निघाल्याचे सांगितले जाते. शेवटचा निष्कर्ष ठरलेला असतो : जगातील साऱ्या भाषा संस्कृतातून जन्मल्या. यादीतील पहिल्या तीन जोड्या खऱ्या आहेत. चौथी आणि पाचवी खोटी आहे, आणि निष्कर्षही खोटा आहे. खऱ्या जोड्यांच्या आडोशाने खोट्या खपून जातात, म्हणून 'डॉन'ची वंशावळ एकदा नीट मांडणे आवश्यक आहे.

२/
ध्वनिसाम्यावर विसंबणे किती धोक्याचे असते, हे खुद्द 'डॉन' या अक्षरांतच दिसते. मराठीत चित्रपटातील गुन्हेगारांचा म्होरक्या 'डॉन' आणि पहाट या अर्थाचा 'डॉन' अगदी सारखे लिहिले जातात. पण पहिला शब्द लॅटिन 'डोमिनस', म्हणजे धनी किंवा स्वामी, यापासून स्पॅनिश-इटालियन मार्गाने आला आहे. दुसरा जर्मानिक कुळातला आहे. दोघांची गाठ इतिहासात कुठेही पडत नाही. दोन शब्द हुबेहूब सारखे ऐकू येऊनही परके असू शकतात, आणि अजिबात सारखे न दिसणारे शब्द सख्खे भाऊ असू शकतात. या दुसऱ्या विधानाचा पुरावा मराठीतच आहे.

३/
संस्कृत 'अद्य' आणि मराठी 'आज' यांच्यात वरवर पाहता साम्य नाही. तरी 'आज' हा 'अद्य'चाच वंशज आहे. संस्कृतातील 'द्य' प्राकृतात 'ज्ज' झाला आणि मराठीत 'ज' उरला : अद्य, अज्ज, आज. हा अपवाद नाही, नियम आहे. 'विद्युत्'ची 'वीज' याच वाटेने झाली. हस्त–हत्थ–हात आणि सप्त–सत्त–सात हीही अशीच नियमबद्ध रूपांतरे आहेत. ध्वनी बदलतात ते मनाला येईल तसे बदलत नाहीत. एका काळी, एका भाषेत, एका परिस्थितीत सापडलेला ध्वनी सहसा सर्व शब्दांत सारखाच बदलतो. व्युत्पत्तिशास्त्र या शिस्तीवर उभे आहे.

४/
आता 'डॉन'कडे वळावे. या शब्दाची पहिली गंमत अशी की नाम म्हणून तो फारसा जुना नाही. जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण इ.स. ११०० पूर्वीच्या अँग्लो-सॅक्सन काळात, 'डॉन' असा शब्दच नव्हता. 'दिवस' या अर्थी 'डॅग' होता. त्यावरून 'डागियन' हे क्रियापद होते, त्याचा अर्थ दिवस होणे, उजाडणे. त्या क्रियापदापासून 'डागुंग' हे नाम होते, म्हणजे उजाडण्याची क्रिया. मराठीत 'उजाडणे'वरून जसे 'उजाडणं' हे नाम होते, तशीच ही रचना. वस्तूचे नाव नव्हे, घडण्याचे नाव.

५/
मग 'डॅग'चा 'डे' झाला आणि 'डागियन'मधला तोच 'ग' 'व'सारखा कसा झाला? उत्तर पुन्हा नियमात आहे. जुन्या इंग्रजीतील 'ग' शेजारच्या स्वरांप्रमाणे वळण घेई. 'ॲ'सारख्या पुढच्या स्वरानंतर तो 'य' झाला, म्हणून 'डॅग'चा 'डे'. 'आ', 'उ' अशा मागच्या स्वरांच्या मध्ये सापडला की तो 'व' झाला. म्हणूनच कायदा या अर्थी 'लागु' होता त्याचा 'लॉ' झाला, ओढणे या अर्थी 'ड्रागन' होते त्याचे 'ड्रॉ' झाले, धनुष्य या अर्थी 'बोगा' होता त्याचा 'बो' झाला. 'डागियन'चेही तेच झाले. 'डे' आणि 'डॉन' या एकाच घरातल्या बहिणी आहेत. रूप बदलले ते शेजारच्या स्वरांमुळे.

६/
मात्र नियमाप्रमाणे चालता 'डागुंग'चे 'डॉइंग' व्हायला हवे होते, आणि मध्ययुगीन इंग्रजीत तसे ते झालेही. मग मधला 'न' कुठून आला? या 'न'मागे इंग्लंडच्या इतिहासाचा एक मोठा अध्याय आहे. इ.स. ७९३ मध्ये लिंडिसफार्नच्या मठावर व्हायकिंगांची धाड पडली. ८६५ मध्ये डेन लोकांचे मोठे सैन्य इंग्लंडात उतरले. ८७८ मध्ये एडिंग्टनच्या लढाईत राजा आल्फ्रेडने गुथरमचा पराभव केला. त्यानंतरही इंग्लंडचा उत्तर व पूर्व भाग बराच काळ डेन लोकांच्या अमलाखाली राहिला. या प्रदेशाला पुढे 'डेनलॉ' असे नाव पडले.

७/
हे आक्रमक केवळ लुटून परतले नाहीत. त्यांनी जमिनी कसल्या, स्थानिकांशी सोयरिकी केल्या. दोन्ही भाषा एकाच जर्मानिक कुळातल्या, त्यामुळे बाजारात आणि बांधावर परस्परांचे बोलणे बऱ्याच अंशी समजत असे. इंग्रजीतील 'स्काय', 'एग', 'नाइफ', 'विंडो', 'हजबंड' हे शब्द स्कँडिनेव्हियन भाषेतून आले. 'दे', 'देम' ही सर्वनामेसुद्धा तिथलीच आहेत. एखाद्या भाषेने दुसरीकडून नामे घेणे नेहमीचे आहे, सर्वनामे घेणे दुर्मीळ. इतकी जवळीक केवळ तलवारीने होत नाही, शेजाराने होते.

८/
डॅनिश आणि स्वीडिश भाषांत उजाडण्याला आजही 'डॅगनिंग' या धाटणीचा शब्द आहे. त्यात 'न' आहे. इ.स. १३०० च्या सुमारास इंग्रजीत 'डॉनिंग' हे रूप दिसू लागते आणि जुने 'डॉइंग' मागे पडते. हा 'न' स्कँडिनेव्हियन प्रभावाने आला, असे कोशकार मानतात. त्याला 'ईव्हनिंग' या शब्दाच्या नमुन्याचीही मदत झाली असावी. 'मॉर्निंग' हा शब्ददेखील मूळच्या 'मॉर्न'पासून 'ईव्हनिंग'च्या चालीवरच तयार झाला आहे. म्हणजे संध्याकाळच्या शब्दाने सकाळच्या शब्दाला घडवले.

९/
आता 'डॉनिंग' हे नाम लोकांच्या तोंडी बसले. इंग्रजीत 'इंग' लागलेले नाम दिसले की त्यामागे एखादे क्रियापद असणार, असा बोलणाऱ्याचा समज असतो. 'सिंगिंग'मागे 'सिंग' आहे, तर 'डॉनिंग'मागे 'डॉन' असणारच. असे क्रियापद तोवर नव्हते, पण पंधराव्या शतकात ते तयार झाले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्याच 'डॉन'चा नाम म्हणून वापर सुरू झाला. शेक्सपिअरच्या नाटकांत 'डॉन' हे नाम आहे आणि जुने 'डॉनिंग'ही आहे. नवा आणि जुना शब्द एकाच लेखकाच्या लेखणीत शेजारी नांदताना दिसतात.

१०/
भाषाशास्त्रात या प्रकाराला उलट व्युत्पत्ती म्हणता येईल. मोठ्या शब्दाचे शेपूट तोडून त्याचे कल्पित मूळ तयार होते. 'एडिटर' हा शब्द आधी आला, त्यावरून 'एडिट' हे क्रियापद नंतर निघाले. वाटाणा या अर्थी मूळ शब्द 'पीझ' होता. त्यातला शेवटचा ध्वनी अनेकवचनाचा समजून लोकांनी 'पी' हे एकवचन बनवले. 'डॉन'ही तसाच आहे. ज्याला 'डॉनिंग'चे मूळ समजावे, तो खरे तर 'डॉनिंग'चे अपत्य आहे. जो शब्द नाम म्हणून शेक्सपिअरच्या काळात रूढ झाला, तो जसाच्या तसा वैदिक काळातून आला असे म्हणणे म्हणजे नातवाच्या दाखल्यावरून पणजोबांचे वय ठरवणे होय.

११/
हे सारे कळते ते अंदाजाने नव्हे, तारखा असलेल्या कागदांवरून. ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि काम १९२८ मध्ये पुरे झाले. संपादक जेम्स मरे आणि त्यांचे सहकारी यांचा आग्रह एकच होता : प्रत्येक शब्दाचा सर्वांत जुना लिखित वापर शोधायचा आणि तेथून पुढे काळाच्या क्रमाने त्याचा प्रवास दाखवायचा. त्यासाठी हजारो वाचकांनी जुने ग्रंथ चाळून चिठ्ठ्या लिहून पाठवल्या. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाला हे तत्त्व परके नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध केली, ती उशिरा लिहिलेल्या बखरीपेक्षा समकालीन पत्राचे मोल अधिक या जाणिवेनेच. शंभर-दीडशे वर्षांनंतरची बखर आणि व्युत्पत्तीची निनावी यादी या दोघींना एकच प्रश्न विचारायचा असतो : समकालीन कागद कुठे आहे?

१२/
आता मुख्य दाव्याची तपासणी. 'डॉन' नवा असला तरी त्यामागचा 'डॅग' जुना आहे, मग तो 'दिन'चा नातलग असेल की नाही? येथे ध्वनिनियम निर्णय देतो. डॅनिश विद्वान रास्मुस रास्क यांनी १८१८ मध्ये आणि जर्मन विद्वान याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये एक गोष्ट दाखवून दिली. संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांत जिथे मूळचा 'द' आहे, तिथे इंग्रजीसारख्या जर्मानिक भाषांत 'ट' येतो. उदाहरणे पाहावीत : दश–टेन, दन्त–टूथ, पाद–फूट, स्वेद–स्वेट, स्वादु–स्वीट, खाणे या अर्थाचा 'अद्' धातू–ईट. एकाही जोडीत 'द'समोर 'ड' नाही.

१३/
मग इंग्रजीतला 'ड' कुठून येतो? तो येतो मूळच्या 'ध'पासून. मधु आणि मधापासून केलेले मद्य 'मीड', मध्य आणि 'मिड', विधवा आणि 'विडो', रुधिर आणि 'रेड', धाडस करणे या अर्थाचा 'धृष्' धातू आणि 'डेअर'. एकदा हा तक्ता डोळ्यांसमोर ठेवला की निकाल उघड होतो. 'दिन'चा सख्खा नातलग इंग्रजीत असता तर तो 'ट'ने सुरू झाला असता. 'डे' 'ड'ने सुरू होतो, म्हणून तो 'दिन'चा नातलग नाही. गंमत अशी की लॅटिनमध्ये दिवसाला 'दिएस' म्हणतात आणि तो शब्द 'दिन', 'दिवस' यांच्या कुळातला खरोखरच आहे. पण 'दिएस' आणि 'डे' हेही परस्परांना परकेच आहेत. सारखेपणाच्या या सापळ्यात युरोपातले वाचकही सतत सापडतात.

१४/
एक शंका चोखंदळ वाचकाला येईल. 'दुहितृ' आणि 'डॉटर' यांचे नाते तर सर्वमान्य आहे, मग तेथे 'द'समोर 'ड' कसा? याचे उत्तर १८६३ मध्ये हेर्मान ग्रासमान यांनी दिले. हे तेच गृहस्थ, ज्यांनी ऋग्वेदाचे जर्मन भाषांतरही केले. लागोपाठच्या अक्षरांत दोन महाप्राण ध्वनी आले तर संस्कृतात पहिल्याचा महाप्राण गळतो. 'दुहितृ'चा आरंभ मुळात 'ध'चा होता. पुढच्या महाप्राणामुळे त्याचा 'द' झाला. म्हणजे अपवाद दिसला तो अपवाद नव्हता, दुसऱ्या नियमाचे उदाहरण होते. शास्त्र याला म्हणतात. गैरसोयीचे उदाहरण लपवायचे नसते, त्याचे कारण शोधायचे असते.

१५/
याच नियमामुळे 'डे'साठी संस्कृतातला एक वेगळा उमेदवार पुढे येतो. जाळणे या अर्थाचा 'दह्' धातू. वर्तमानकाळात 'दहति', पण भविष्यकाळात 'धक्ष्यति'. तेथे मूळचा 'ध' परत डोके वर काढतो. उन्हाळ्याला 'निदाघ' म्हणतात, तोही याच धातूचा. लिथुएनियन भाषेत याच धातूचा 'डागस' हा शब्द उन्हाच्या आणि पिकाच्या हंगामासाठी आहे. म्हणून काही विद्वान 'डे'चे मूळ या तापण्या-जळण्याच्या धातूत पाहतात. इतर काही विद्वान त्याचा संबंध संस्कृत 'अहन्'शी जोडतात. वाद मिटलेला नाही. पण दोन्ही पक्ष एका बाबतीत एकमताचे आहेत : 'दिन' या स्पर्धेतच नाही.

१६/
यावर काही वाचकांचा हिरमोड होईल, पण खरी कहाणी इथून रंगते. 'दिन', 'दिवस', 'देव' यांचे नातलग इंग्रजीत नाहीत असे नाही. ते इतर दारांनी आत आले आहेत. 'डायरी' हा शब्द लॅटिन 'दिएस'पासूनच आला. 'जर्नल' फ्रेंच मार्गाने त्याच कुळातून आला. आणि नियमाप्रमाणे 'ट' घेऊन आलेला अस्सल जर्मानिक नातलगही आहे : 'ट्यूजडे'. त्यातला 'टीव' हा जुना जर्मानिक देव, आणि त्याचे नाव संस्कृत 'देव' याच मूळ शब्दाचे रूप आहे. रोजची डायरी लिहिणारा माणूस 'दिन'चा नातलग वापरतो आणि मंगळवारचे नाव घेताना 'देव' उच्चारतो. 'डे' म्हणताना मात्र तो यातले काहीच करत नाही.

१७/
आणि पहाट? ऋग्वेदात उषेला वाहिलेली सुमारे २० सूक्ते आहेत. तेथे तिला द्युलोकाची कन्या म्हटले आहे. लॅटिनमधली 'ऑरोरा' ही तिची सख्खी बहीण. जुन्या लॅटिनमध्ये दोन स्वरांमधल्या 'स'चा 'र' होत असे, म्हणून 'ऑसोसा'सारख्या मूळ रूपाची 'ऑरोरा' झाली. ग्रीकांची 'इऑस' हीही तीच. होमरच्या काव्यात तिची बोटे गुलाबी आहेत. लिथुएनियन भाषेत पहाट म्हणजे 'औश्रा'. वैदिक कवी, होमर आणि बाल्टिक किनाऱ्यावरचा शेतकरी पहाटेला एकाच कुळातल्या नावाने हाक मारत होते.

१८/
इंग्रजीत हे कुळ पहाटेच्या शब्दात टिकले नाही, दिशेच्या नावात टिकले. 'ईस्ट' म्हणजे जिथे उषा उगवते ती दिशा. 'ईस्ट' आणि 'उषस्' यांचे मूळ एक आहे. ऑस्ट्रिया या देशाच्या नावातही हेच मूळ आहे. इ.स. ९९६ च्या एका दानपत्रात त्या भूभागाचे नाव 'ओस्टारिखी' असे येते, त्याचा अर्थ पूर्वेचे राज्य. सारखेपणाच्या मागे लागलेली यादी 'डॉन'पाशी अडकून राहते आणि तिच्या नाकासमोरचा 'ईस्ट' तिला दिसतच नाही, कारण 'उषा' आणि 'ईस्ट' ऐकायला पुरेसे सारखे नाहीत.

१९/
'ईस्टर' या सणाचे नावही याच घराण्यातले. इ.स. ७२५ मध्ये बीड या नॉर्थम्ब्रियाच्या मठवासी इतिहासकाराने कालगणनेवर लॅटिन ग्रंथ लिहिला. त्यात तो सांगतो की इंग्रज लोक एका महिन्याला 'इओस्ट्रे' या देवीवरून नाव देत असत आणि तेच नाव पुढे ख्रिस्ती सणाला मिळाले. त्या देवीचा दुसरा समकालीन उल्लेख नसल्याने तिच्या अस्तित्वाविषयी वाद झाला. १९५८ मध्ये जर्मनीतील मोर्केन-हार्फ येथे रोमन काळातील दीडशेहून अधिक लेख सापडले. ते 'ऑस्ट्रियाहेने' नावाच्या मातृदेवतांना वाहिलेले आहेत. नावात तेच मूळ. यामुळे बीडची देवी सिद्ध झाली असे नव्हे, पण अशा नावाच्या देवता जर्मानिक जगात होत्या, हे दगडावर कोरलेले मिळाले.

२०/
बनावट व्युत्पत्तीचा रोग केवळ भारतीय नाही, हेही याच सणावरून दिसते. 'ईस्टर' म्हणजे बाबिलोनची 'इश्तार' असे सांगणारी चित्रे दरवर्षी इंग्रजी समाजमाध्यमांवर फिरतात. त्या दाव्याचे मूळ अलेक्झांडर हिस्लॉप या एकोणिसाव्या शतकातील स्कॉटिश धर्मोपदेशकाच्या लेखनात आहे. कॅथलिक पंथ म्हणजे बाबिलोनी मूर्तिपूजाच, हे त्याला सिद्ध करायचे होते. 'इश्तार' हा सेमिटिक कुळातला शब्द आहे, त्याचा 'ईस्टर'शी संबंध नाही. बहुतेक युरोपीय भाषांत या सणाचे नावच वेगळे, हिब्रू 'पेसाख'वरून आलेले आहे. फ्रेंचांचे 'पाक', पोर्तुगीजांचे 'पास्कुआ'. गोव्याच्या कोकणीत म्हणूनच 'पास्कांचें फेस्त' म्हणतात. एका भाषेतल्या नावावरून सगळ्या सणाचा उगम सांगणारा दावा पणजीच्या चर्चपाशीच कोसळतो.

२१/
मराठी वाचकाला याचे घरचे उदाहरण ठाऊक आहे. पु. ना. ओक यांनी 'व्हॅटिकन' म्हणजे 'वाटिका' असे लिहिले आणि ते अनेकांना पटले. वस्तुतः व्हॅटिकन हे रोममधील एका टेकडीचे ख्रिस्तपूर्व काळापासूनचे लॅटिन नाव आहे. हिस्लॉप आणि ओक यांची श्रद्धा, देश, हेतू सारे वेगळे आहे. पद्धत मात्र एकच आहे. निष्कर्ष आधी ठरवायचा, मग त्याला साजेसे सारखे ऐकू येणारे शब्द गोळा करायचे. जुनी रूपे पाहायची नाहीत, नियम तपासायचा नाही, विरोधी उदाहरण मोजायचे नाही. या पद्धतीने काहीही सिद्ध होते. जी पद्धत काहीही सिद्ध करू शकते, ती काहीच सिद्ध करत नाही.

२२/
यावर एक आक्षेप हमखास येतो : हे नियम युरोपियनांनी केले, वसाहतवादाच्या काळात केले, ते का मानायचे? आक्षेप विचार करण्याजोगा आहे. त्या काळच्या युरोपीय विद्वत्तेत वंशश्रेष्ठत्वाची भुते होती, हे नाकारता येत नाही. पण या शास्त्राला धार आली ती संस्कृत व्याकरणाच्या परिचयाने. शब्दाचे धातू आणि प्रत्यय सुटे करून पाहण्याची शिस्त पाणिनीच्या परंपरेत आधीच पूर्णत्वाला गेली होती. शिवाय १८७७ मध्ये रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी मुंबईत 'विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्याने' दिली. संस्कृत, प्राकृत आणि आधुनिक भारतीय भाषांचा इतिहास त्यांनी याच तुलनात्मक पद्धतीने मांडला. भांडारकरांनी पद्धत उसनी म्हणून स्वीकारली नाही, तपासून स्वीकारली.

२३/
तपासणीची याहून मोठी कसोटीही झाली आहे. १८७९ मध्ये फर्डिनांड द सोस्यूर या तरुण विद्वानाने केवळ ध्वनिनियमांच्या गणितावरून सांगितले की मूळ भाषेत काही असे ध्वनी असले पाहिजेत, जे ज्ञात असलेल्या एकाही भाषेत टिकलेले नाहीत. पुढे तुर्कस्तानात उत्खननात मातीच्या विटा सापडल्या. १९१५ मध्ये बेडझिख ह्रोझनी यांनी त्यांवरील हिटाइट भाषा उलगडली. १९२७ मध्ये येझी कुरिलोविच यांनी दाखवले की सोस्यूरच्या त्या ध्वनींपैकी काहींच्या जागी हिटाइटमध्ये खरोखरच व्यंजन लिहिलेले आहे. जमिनीखाली काय सापडेल हे आधी सांगू शकणारी पद्धत वंशाभिमानाने बनत नाही. ती पुराव्याने बनते.

२४/
दुसरा आक्षेप अधिक भावनिक आहे : चुकीची असली तरी अशी यादी अभिमान जागवते, मग बिघडले कुठे? बिघडते ते असे. अशा यादीवर वाढलेला तरुण एखाद्या दिवशी कोश उघडतो. 'डॉन–दिन' खोटे असल्याचे त्याला कळते. मग त्याचा 'मातृ–मदर'वरचा विश्वासही उडतो, कारण दोन्ही गोष्टी त्याला एकाच आवाजात सांगितलेल्या असतात. खोट्या नाण्याने खऱ्या नाण्याची पत जाते. संस्कृतचे इंग्रजीशी असलेले खरे नाते जगातल्या सर्वांत उत्तम रीतीने सिद्ध झालेल्या ऐतिहासिक सत्यांपैकी एक आहे. ते सत्य थट्टेचा विषय होते, हा तोटा लहान नाही.

२५/
आणखी एक तोटा आहे. 'डॉन' सरळ 'दिन'पासून काढला की मधली माणसे पुसली जातात. उजाडण्याला 'डागुंग' म्हणणारा सॅक्सन शेतकरी, त्याच्या शेजारी येऊन वसलेला डेन, दोघांच्या बोलण्याच्या मिश्रणातून 'डॉनिंग' म्हणणारी त्यांची नातवंडे, कुणीतरी शेपूट तोडून तयार केलेले नवे क्रियापद, हे सारे गायब होते. उरतो तो फक्त एक बाण, भारताकडून इंग्लंडकडे जाणारा. इतिहास हा मधल्या माणसांचा असतो. व्युत्पत्तीत मधली पायरी गाळणे म्हणजे इतिहासातून माणसे गाळणे.

२६/
२ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या साम्याविषयी प्रसिद्ध भाषण केले. या भाषणाचा हवाला संस्कृत ही सर्व भाषांची जननी या दाव्यासाठी दिला जातो. जोन्स यांचे म्हणणे तसे नव्हते. या भाषा एका समान उगमातून निघाल्या असाव्यात आणि तो उगम कदाचित आता अस्तित्वात नसेल, असे ते म्हणाले होते. म्हणजे संस्कृत ही आई नव्हे, थोरली बहीण. त्याच भाषणात त्यांनी निव्वळ ध्वनिसाम्यावर रचलेल्या व्युत्पत्ती हा फसवा पुरावा असल्याचे बजावले होते. त्यांचे पहिले वाक्य सर्वांना पाठ आहे, हा इशारा मात्र कुणी सांगत नाही.

२७/
तेव्हा पुढच्या वेळी अशी यादी समोर आली की इतिहासाच्या विद्यार्थ्याने तीन प्रश्न विचारावेत. या शब्दाचे सर्वांत जुने लिखित रूप कोणते आणि केव्हाचे? सांगितलेला ध्वनिबदल इतर शब्दांतही तसाच होतो का? आणि हा शब्द एका भाषेतून दुसरीत गेला असेल, तर तो कोणत्या माणसांनी, कोणत्या काळी, कोणत्या वाटेने नेला? तीनही उत्तरे मिळाली तर जोडी स्वीकारावी. एकही मिळाले नाही तर ती पुढे पाठवू नये. 'डॉन–दिन' ही जोडी पहिल्याच प्रश्नाला गारद होते.

२८/
ज्यांना उषेचा वारसा इंग्रजीत पाहायचाच आहे, त्यांनी मुंबईच्या लोकलमध्ये बसावे. 'अंधेरी ईस्ट', 'दादर ईस्ट' असे रोज लाखो तोंडांतून निघते. त्या 'ईस्ट'मध्ये वैदिक उषेची दूरची बहीण आहे. ती संस्कृतातून निघालेली नाही. संस्कृताच्याही आधीच्या घरातून वेगळ्या वाटेने इंग्लंडला गेली आणि इंग्रजांच्या राजवटीत मुंबईत उतरली. तिला ओळखायला कानावर नव्हे, कागदावर आणि नियमावर विश्वास ठेवावा लागतो.